दोन रेघांचा अर्थ

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील एक गृहस्थ आपल्या १७ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा अभ्यासात मागे पडू लागला म्हणून नशेचा संशय. शहरातून तपासणीपट्टी आणून त्यांनी घरीच त्याचे मूत्र तपासले. दोन रेघा उमटल्या आणि मुलाने मार खाल्ला. पट्टीचे छायाचित्र पाहून मला सांगावे लागले, "अहो, दोन रेघा म्हणजे दोष नाही!"

गर्भचाचणीच्या सवयीने ही पट्टी नेमकी उलटी वाचली जाते. मूत्रातील अमली पदार्थ येथे रेघ उमटू देत नाही. म्हणून नियंत्रणरेघ असून चाचणीरेघ नसणे हाच संशय. रेघ फिकट असली तरी निष्कर्ष नकारार्थीच.

संशय म्हणजे पुरावाही नव्हे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, फार काय, भरपूर खाल्लेली खसखसदेखील अफूच्या चाचणीत घोटाळा करते. अमेरिकेने १९९८ मध्ये सरकारी नोकरदारांसाठी ही मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली, ती यामुळेच. खात्रीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीची प्रयोगशाळा हवी, आणि ती खेड्यात नसते. तेव्हा नमुना मुलाच्या संमतीने, त्याच्यासमोर मोहोरबंद करून, सह्यांनिशी, चालू औषधांच्या यादीसह बर्फाच्या पेटीतून पाठवावा. व्हाइटनर वा पंक्चरचे सोल्यूशन हुंगणारे मूल मात्र या नेहमीच्या पट्टीत सापडत नाही.

वडिलांना बाहेर बसवून मी मुलाशी बोललो. त्याला फळ्यावरची अक्षरे दिसत नव्हती.