धुराचा घास पुन्हा इंजिनाला

मोटारीचा धूर पुन्हा इंजिनातच सोडला तर हवा कमी दूषित होईल, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण निष्कास वायूंचे पुनरभिसरण म्हणतात ते हेच!

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण सिलिंडरमध्ये इंधन पेटले, की तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या धगीत त्यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ती फुफ्फुसांना अपायकारक असतात. शिवाय उन्हात त्यांच्यापासून ओझोन व धुरके तयार होते.

म्हणून धुराचा थोडा भाग एका झडपेतून परत सिलिंडरकडे वळवतात. डिझेल इंजिनात तो बहुधा आधी थंड करतात. त्यातील कार्बन डायऑक्साइड, वाफ व नायट्रोजन जळत नाहीत. ते उष्णता शोषतात आणि ऑक्सिजनची जागा अडवतात. निखाऱ्यांवर राख लोटली की धग उतरते ना, तसेच हे!

मात्र प्रमाण सांभाळावे लागते. धूर जास्त झाला तर इंधन अर्धवट जळते, काजळी वाढते आणि झडपेवरच साचते. मग ऑक्साइडे पुन्हा वाढतात. म्हणून ही झडप वेळोवेळी साफ ठेवायला हवी.