कथेंतील जोड्या कोण जुळवितो?

वर्धा जिल्ह्यांतील आष्टीच्या परिसरांतून वर्धा नदी खालीं वाहत जाते, तेव्हां पुढें तिच्या कांठीं अमरावती जिल्ह्यांतील कौंडण्यपूर लागतें. परंपरेप्रमाणें हें भीष्मक राजाचें कुंडिनपूर व रुक्मिणीचें माहेर होय. भागवताच्या दशम स्कंधांत रुक्मिणी सात श्लोकांचा निरोप एका ब्राह्मणाहातीं द्वारकेस धाडते आणि भावानें ठरविलेल्या शिशुपालास टाळून कृष्णास वरते. आपलें लग्न आपणच ठरविणाऱ्या या कन्येचा विदर्भास अभिमान वाटावा, हें साहजिक आहे. तथापि याच प्रांतांतील घरांत कृष्णाची तसबीर पाहिली, तर त्याच्या शेजारीं पुष्कळदां रुक्मिणी नसते, राधा असते. लेकीची जागा दुसरीस मिळावी, आणि ती माहेरच्याच माणसांनीं द्यावी, हें घडतें कसें?

ज्या भागवतांत रुक्मिणीचें लग्न एवढ्या विस्तारानें आलें आहे, त्यांत राधेचें नांवही नाहीं. तें महाराष्ट्री प्राकृतांतील गाथासप्तशतींत आढळतें, आणि बाराव्या शतकांत जयदेवाच्या गीतगोविंदानें राधेस नायिकेचें स्थान दिलें. म्हणजे ही जोडी कोणा एका पुराणकारानें जुळविलेली नाहीं. ती कवींनीं गाइली, श्रोत्यांस आवडली, आणि शतकानुशतकें दृढ होत गेली.

परंतु श्रोत्यांचें मन तेवढ्यावर थांबलें नाहीं. राधेस जवळ केलें, तर रुक्मिणीस काय वाटलें असेल, हा प्रश्न त्यांनींच विचारला आणि त्याचें उत्तरही त्यांनींच रचलें. राधेला देवाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली व दिंडीरवनांत निघून आली. तिची समजूत घालण्यास देव मागोमाग आला आणि पंढरीस राहिला, असें लोक सांगतात. पंढरपुरांत रुक्मिणी विठ्ठलाच्या गाभाऱ्यांत नसून मागील बाजूस स्वतंत्र देवळांत आहे, याचें कारणही या रुसव्यांत पाहिलें जातें. जात्यावरच्या ओव्यांतून तर जनाबाईवरूनही रखुमाई विठ्ठलास जाब विचारते. दळणाऱ्या बायांनीं आपल्या संसारांतील सल देवाच्या संसारांत घातला, हें त्यांतून उघड दिसतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. कथेंत जेथें कांहीं सांगावयाचें राहून गेलें असेल, किंवा जेथें कोणावर अन्याय झाल्यासारखें वाटेल, तेथें श्रोता स्वतः जोडी जुळवूं लागतो. हें केवळ आपल्याकडेंच होतें असें नव्हे. अमेरिकेंत १८६८ मध्यें लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल वीमेन’ या कादंबरीचा पहिला भाग निघाला, तेव्हां ज्यो व शेजारचा लॉरी यांचें लग्न लावा, असा वाचक मुलींनीं आग्रह धरला. लेखिकेनें तो मानला नाहीं. १८६९ च्या दुसऱ्या भागांत ज्योला एक मध्यमवयीन जर्मन प्राध्यापक वर म्हणून मिळाला. वाचक मात्र आजही याबद्दल हळहळतात. १९९० नंतरच्या दशकांत ‘द एक्स फाइल्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रेक्षकांत, दोघां नायक-नायिकांचें जुळावें असें म्हणणाऱ्यांस ‘रिलेशनशिप’ या शब्दावरून ‘शिपर’ असें नांवच पडलें. नांव नवें असलें, तरी खोड जुनी आहे.

या खोडीचें सर्वांत विलक्षण मराठी उदाहरण म्हणजे जांभूळ आख्यान. वनांत एका ऋषीच्या आहाराचें जांभूळ तोडलें जातें. तें फांदीस पुन्हां चिकटावें, यासाठीं प्रत्येकानें मनांतील सत्य सांगावें असें ठरतें. पांडवांचें बोलून होतें. द्रौपदीची पाळी येते, आणि कर्णाविषयीं आपल्या मनांत अभिलाषा होती, असें ती कबूल करते. लोककलावंतांच्या तोंडीं असलेलें हें आख्यान शाहीर विठ्ठल उमप यांनीं रंगभूमीवर गाजविलें.

व्यासांच्या महाभारतांत ही कबुली नाहीं. तिचें बीज मात्र आहे. उद्योगपर्वांत कृष्ण कर्णास त्याच्या जन्माचें रहस्य सांगतो आणि पांडवांकडे आल्यास राज्याबरोबर द्रौपदीही सहाव्या पाळीस तुझी होईल, असें आमिष दाखवितो. उलट, ‘सूतास मी वरणार नाहीं’ असें द्रौपदीनें स्वयंवरांत म्हटल्याची जी गोष्ट घरोघर ठाऊक आहे, ती पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तींत मूळ पाठांत नाहीं. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ मध्यें पूर्ण झालें. त्यांत हें वाक्य तळटीपांत गेलें आहे.

म्हणून कर्ण-द्रौपदीची जोडी जुळविणाऱ्यांस केवळ पाखंडी म्हणतां येत नाहीं. कर्ण जर पांडवांचा थोरला भाऊ, तर त्याचा वाटा त्यास मिळावयास हवा होता, या न्यायबुद्धींतून ती जोडी निघाली. पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. द्यूतसभेंत द्रौपदीस दुराचारी म्हणणारा आणि तिचीं वस्त्रें काढून घेण्यास दुःशासनास सांगणारा तोच कर्ण आहे. कर्णास न्याय देण्याच्या भरांत, ज्यानें भरसभेंत आपली विटंबना केली त्याच्यावर प्रेम करण्याचें काम श्रोता द्रौपदीच्या माथीं मारतो. आणि ही भर आपली आहे हें विसरून ‘महाभारतांतच तसें आहे’ असें तो म्हणूं लागला, म्हणजे त्या स्त्रीची मूळ साक्षच पुसली जाते.

मग जोड्या जुळवूंच नयेत काय? इरावती कर्वे यांनीं ‘युगान्त’ या १९६७ च्या ग्रंथांत याचा चांगला धडा घालून दिला. महाप्रस्थानांत द्रौपदी पडते, तेव्हां अर्जुनावरील तिचा पक्षपात हें तिच्या पतनाचें कारण युधिष्ठिर सांगतो. इतकें मूळांत आहे. त्यापुढें, अखेरच्या क्षणीं भीम तिच्याजवळ आहे आणि खरें प्रेम कोणाचें होतें हें तिला उमगतें, असा प्रसंग इरावतीबाईंनीं स्वतः रंगविला. पण तो लिहिण्यापूर्वीं, ही आपली ‘नरोटी’ आहे, असें त्यांनीं वाचकांस स्पष्ट सांगितलें. व्यासांचें व्यासांच्या पदरीं आणि आपलें आपल्या पदरीं, एवढा हिशेब त्यांनीं चोख ठेवला.

घरांतील मुलें कथेंतील कोणाचें कोणाशीं जुळावें यावर भांडूं लागलीं, तर वडील माणसांनीं त्यांस दटावूं नये. ग्रंथांत काय आहे, लोक काय म्हणतात, आणि तुला स्वतःला काय वाटतें, असे तीन प्रश्न मात्र त्यांस अवश्य विचारावे. दर आषाढीस कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. तिच्यामागून चालणाऱ्यांपैकीं अनेकांच्या घरीं भिंतीवर राधाकृष्णच असतील. पण लेक कोणाची आणि ती कोणास वरून गेली, याविषयीं त्यांचा घोटाळा होत नाहीं.