पस्तीस हजार पौंडांचे खरेदीखत

ज्या ‘आयपॅड’ नावाची द्वाही ॲपलने २०१० साली जगभर फिरविली, ते चीनमध्ये संगणकाचे मॉनिटर बनविणाऱ्या प्रोव्ह्यू कंपनीने २००१ सालीच नोंदवून ठेवले होते. स्वतः पडद्याआड राहून, आयपी ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट नामक ब्रिटिश कंपनीकरवी (इंग्रजी आद्याक्षरे चतुर वाचकांनी जुळवून पाहावीत!), ॲपलने २००९च्या अखेरीस अवघ्या ३५,००० पौंडांत त्याचे खरेदीखत करून घेतले खरे, परंतु दस्तावर सही तैवानच्या प्रोव्ह्यूची आणि चीनमधील नोंद मात्र शेन्झेनच्या प्रोव्ह्यूच्या नावे, अशी मेख त्यात राहून गेली. शेन्झेनच्या न्यायालयात ॲपलचा दावा २०११ साली फेटाळला गेला, आणि अखेर, ग्वांगडोंगच्या उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने, २०१२च्या जुलैमध्ये जाहीर झालेल्या तडजोडीत तिला त्याच नावासाठी सहा कोटी डॉलर मोजावे लागले. प्रोव्ह्यू तोवर कर्जात आकंठ बुडालेली होती.