तोंडाचा कॅन्सर, मग ऑपरेशन मानेचंही का? पेशींची पकड सुटते तेव्हा काय होतं

बोईसर किंवा पालघरहून तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात जातो, तेव्हा घरच्यांना बऱ्याचदा दोन धक्के बसतात. पहिला निदानाचा. दुसरा, डॉक्टर ऑपरेशन समजावून सांगतात तेव्हाचा. जखम असते जिभेच्या कडेला, पण त्याच वेळी मानेतल्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतील असं सांगितलं जातं. मान चाचपून पाहिली तर हाताला काहीच लागत नाही. मग शंभरेक किलोमीटरचा परतीचा प्रवास याच विचारात होतो: चांगली मान कशाला कापायची? आणि सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात, त्याचं काय?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, यात दडलेली आहेत.

आधी एक खुलासा. तारापूर म्हटलं की १९६९ पासून वीज देणारा अणुवीज प्रकल्प आणि एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आठवतात, आणि कॅन्सरचं नाव निघालं की गप्पा तिकडेच वळतात. तोंडाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर मोठा गुन्हेगार शर्टाच्या खिशात असतो: तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मिळायची थांबली, असं मात्र कोणी म्हणणार नाही. पण कॅन्सर कशाने झाला हा एक प्रश्न, आणि झालेला कॅन्सर जागचा हलतो कसा हा दुसरा. हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

टाटा रुग्णालयातच मिळालेलं उत्तर

मान आधीच साफ करावी की गाठ दिसेपर्यंत थांबावं, यावर जगभरच्या शल्यविशारदांचे अनेक वर्षं दोन तट होते. थांबणाऱ्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, हात वर उचलायला त्रास होतो, आणि ज्यांच्या ग्रंथींत कॅन्सर नाहीच त्यांना हा त्रास उगाच.

टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ ते २०१४ या काळात यावर चाचणी झाली. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर, मानेत काही लागत नाही, अशा रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात तोंडासोबत मानेच्या ग्रंथीही लगेच काढल्या. दुसऱ्या गटात फक्त तोंडाचं ऑपरेशन केलं, मानेवर लक्ष ठेवलं, आणि गाठ आली तरच मान उघडली. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले साडेसदुसष्ट टक्के. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा माणसांचा फरक. कुठलंही नवं औषध न वापरता इतका फरक पडणं ही फार मोठी गोष्ट आहे.

लगेच मान साफ केलेल्या रुग्णांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यातल्या सुमारे ३० टक्के रुग्णांत कॅन्सर आधीच पोहोचलेला होता. बोटांना तो लागत नव्हता, इतकंच.

'सुरी लागली की पसरतो' या समजुतीचं उत्तरही इथंच मिळतं. सुरी दोन्ही गटांना लागली, आणि जिथं जास्त लागली त्या गटातली जास्त माणसं जगली. पसरणं सुरीच्या आधीच सुरू झालेलं होतं. ते कसं, हे कळण्यासाठी तोंडाच्या अस्तरात उतरावं लागेल.

जाळ्याच्या गाठी आणि होडीचा नांगर

सातपाटीच्या बंदरावर वाळत घातलेलं जाळं आठवा. त्याची ताकद दोऱ्यात असते तितकीच गाठींतही असते. गालाच्या किंवा जिभेच्या अस्तरातल्या पेशीही अशाच शेजारणींना गाठी मारून बसलेल्या असतात. या गाठी बांधणारे रेणू पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावतात. त्यातला मुख्य म्हणजे ई-कॅडहेरिन. एका पेशीचं ई-कॅडहेरिन शेजारच्या पेशीच्या ई-कॅडहेरिनला धरतं, आणि कॅल्शियम असेल तरच धरतं; नावातला 'कॅ' त्यावरूनच आला. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी हे कुटुंब शोधलं. याच्या जोडीला डेस्मोसोम नावाच्या आणखी चिवट गाठी असतात. घास चावताना, ब्रश घासताना अस्तर फाटत नाही ते यांच्यामुळे.

हे झालं आडवं धरणं. सर्वांत खालच्या पेशींना खाली असलेल्या पातळ पटलालाही धरून राहावं लागतं. ते काम इंटिग्रिन नावाचे रेणू करतात. जाळ्याऐवजी इथं होडी मनात आणा: इंटिग्रिन म्हणजे नांगर. पण या नांगराला कानही आहेत. खालची जमीन मऊ आहे की कडक, पेशी आपल्या जागी आहे की सुटली, याची खबर तो पेशीच्या आत पोहोचवतो. इंटिग्रिनवर काम करणाऱ्या रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

एखाद्या पेशीचा नांगर तुटला आणि ती सुटी झाली, तर निरोगी शरीरात ती स्वतःहून मरते. या मरणाला १९९४ मध्ये नाव मिळालं 'अनोइकिस'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधारण 'बेघर होणं'. शिस्त कडक आहे, पण तिच्यामुळेच आतड्याची पेशी भलत्याच ठिकाणी जाऊन वाढत नाही. कॅन्सरला पसरायचं असेल तर दोन गोष्टी साधाव्या लागतात: गाठी सोडवायच्या, आणि बेघर होऊनही मरायचं नाही.

गाठी सुटतात कशा?

कॅन्सरच्या पेशी ई-कॅडहेरिन कमी बनवू लागतात, किंवा ते आवरणावरून आत ओढून घेतात. इंटिग्रिनचे प्रकार बदलतात. निरोगी तोंडाच्या अस्तरात जवळजवळ न दिसणारं अल्फा-व्ही बीटा-सिक्स नावाचं इंटिग्रिन तोंडाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा भरपूर दिसतं. एरवी ते जखम भरताना उगवतं, म्हणजे पेशींना सरकावं लागतं तेव्हाच. कॅन्सर शरीराच्या दुरुस्तीची हत्यारं चोरतो, असं म्हणायला हरकत नाही. मग पेशी पटल कुरतडणारी विकरं सोडते, पुढच्या तंतूंना धरते, मागची पकड सोडते आणि सरकते. भिंतीवर चढणारा माणूस हात बदलतो, तसं.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. तिथं सोराब दलाल यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की डेस्मोसोममधलं प्लाकोफिलिन-३ हे एकच प्रथिन कमी केलं, तरी पेशींची आपसातली पकड ढिली होते आणि उंदरांत कॅन्सर दूर पसरण्याचं प्रमाण वाढतं. तिथल्याच मिलिंद वैद्य यांच्या गटाने २०११ मध्ये तोंडाच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या पेशींवर काम केलं. पेशीच्या आतल्या सांगाड्यातली केराटिन ८ आणि १८ ही प्रथिनं काढली, तर इंटिग्रिनकडून येणारे संदेश बदलतात आणि पेशींचा आक्रमकपणा उतरतो, असं त्यांना दिसलं. नांगराचा दोर आत कशाला बांधला आहे, यालाही महत्त्व आहे तर.

सगळ्याच गाठी सोडणं कॅन्सरलाही परवडत नाही

इथपर्यंत चित्र सोपं आहे: पकड सुटली की कॅन्सर पसरतो. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांतही साधारण असंच होतं. पण २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये वीणा पद्मनाभन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि त्याने हे गणित बिघडवलं. त्यांनी उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींतून ई-कॅडहेरिन काढून टाकलं. अपेक्षेप्रमाणे पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या. पण दूरच्या अवयवात नव्या गाठी धरण्याचं प्रमाण मात्र घटलं, कारण सुट्या झालेल्या पेशी वाटेत मरत होत्या. ज्या गाठीने पेशीला बांधून ठेवलं होतं, तीच तिला जगवतही होती.

याच्याशी जुळणारी गोष्ट २०१४ मध्ये रक्तात सापडली होती. कॅन्सरच्या पेशी रक्तातून बहुतेक एकट्या फिरतात, पण काही वेळा हातात हात घालून घोळक्याने जातात. असे घोळके विरळा. मात्र नवी गाठ धरण्याची त्यांची क्षमता एकट्या पेशींच्या २३ ते ५० पट असल्याचं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. गर्दीच्या वेळी डहाणू लोकलमध्ये टोळक्याने चढणाऱ्यांना जागा मिळते, एकटा दारातच लटकतो, तसंच काहीसं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये काय होतं? अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये १८ रुग्णांच्या सुमारे ६ हजार पेशी एकेक करून तपासल्या. गाठीच्या कडेला, म्हणजे आघाडीवर, त्यांना अर्धवट बदललेल्या पेशी दिसल्या: सरकण्याइतक्या मोकळ्या, पण अस्तराच्या पेशीची ओळख न सोडलेल्या. अशा पेशी जिथं जास्त, तिथं मानेच्या ग्रंथींत कॅन्सर जाण्याची शक्यताही जास्त होती.

यामुळेच पकडीवर औषध काढणं अवघड जातं. मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरसाठी इंटिग्रिन अडवणारं सिलेंजिटाइड नावाचं औषध मोठ्या चाचणीपर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये निष्प्रभ ठरलं. दुसरा मार्ग जास्त फळला. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींवर नेक्टिन-४ हा चिकटण्याचा रेणू भरपूर असतो. तो अडवण्याऐवजी पत्ता म्हणून वापरून विष थेट त्या पेशीत पोहोचवणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली. तोंडाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात मात्र अजून शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी यांचीच मुख्य भिस्त आहे.

रिपोर्टमध्ये हे कुठे दिसतं?

ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'डेप्थ ऑफ इन्व्हेजन' असं लिहिलेलं असतं. गाठीने अस्तराचं पटल ओलांडून किती खोल मुसंडी मारली, ते मिलिमीटरमध्ये. २०१८ पासून वापरात आलेल्या वर्गीकरणात गाठीच्या रुंदीसोबत ही खोलीही धरतात: ५ मिलिमीटरपर्यंत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे. बाहेरून रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान दिसणारी जखम आत खोल असेल, तर टप्पा वरचा ठरतो. 'पॅटर्न ऑफ इन्व्हेजन' या नोंदीत पेशी सलग पुढे सरकल्या की सुट्या-सुट्या, लहान बेटं करून, हे येतं. गाठी सुटल्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती अशी. पुढे रेडिएशन लागेल का, हे अशा नोंदींवरून ठरतं. म्हणून डिस्चार्ज कार्डाइतकाच हा कागदही जपून ठेवायला हवा.

मानेचं पूर्ण ऑपरेशन टाळण्याचा एक मार्गही आता आहे. गाठीजवळ खुणेचं द्रव्य टोचून ते ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोहोचतं, तेवढीच काढून तपासायची. फ्रान्स आणि जपानमधल्या चाचण्यांत यामुळे जगण्याचं प्रमाण घटलं नाही. पण त्यासाठी यंत्रणा आणि अनुभवी हात लागतात, त्यामुळे सगळीकडे ते होत नाही. मान उघडलीच, तर खांद्याचे व्यायाम लवकर सुरू करणं महत्त्वाचं. आणि काही कारणाने मान उघडलीच नाही, तर ठरलेल्या तारखेला तपासणीला जाणं हाच उपचाराचा उरलेला अर्धा भाग असतो. टाटाच्या चाचणीत दुसऱ्या गटातला कॅन्सर परतला तो मुख्यतः मानेतच.