गारा मोठ्या कशा होतात?

१४ एप्रिल १९९९. ऑस्ट्रेलियातला वादळांचा हंगाम सरत आला होता. दुपारी सिडनीच्या दक्षिणेला तयार झालेले एक वादळ रडारवर दिसत होते, पण ते समुद्राकडे निघून जाईल, असा अंदाज होता. तो चुकला. रात्री आठच्या सुमारास वादळ शहराच्या पूर्व उपनगरांवर येऊन ठेपले. रँडविक, केन्सिंग्टन परिसरात क्रिकेटच्या चेंडूहून मोठ्या, ९ सेंटिमीटर व्यासापर्यंतच्या गारा कोसळल्या. हजारो घरांची कौले फुटली, मोटारी चेपल्या, विमानतळावरच्या विमानांनाही मार बसला. विमा कंपन्यांना सुमारे १७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले.

एवढी मोठी गार आकाशात तयार होते कशी? जमिनीलगतची उबदार, दमट हवा वर चढते. तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि हवा आणखी वेगाने वर जाते. ढगात तापमान शून्याखाली गेले, तरी पुष्कळ थेंब द्रवरूपच राहतात. हे अतिशीत थेंब बर्फाच्या कणावर आदळताच गोठतात आणि कणाची गार होते. तिचे वजन तिला खाली ओढते, चढता वारा तिला पेलून धरतो. वारा कमजोर असेल, तर गार लहान असतानाच पडते. फार जोरदार असेल, तर वाढण्याआधीच ढगाच्या माथ्याकडे फेकली जाते. म्हणजे अतिशीत थेंबांच्या पट्ट्यात तिचा मुक्काम जितका लांबेल, तितकी ती मोठी होते.

सिडनीचे वादळ ‘सुपरसेल’ प्रकारचे होते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत गेला, की अशा वादळातला चढता प्रवाह स्वतःभोवती फिरू लागतो. तो रुंद असतो आणि तासन्‌तास टिकतो. गारांना वाढायला पुरेसा वेळ मिळतो. शिवाय असे वादळ भोवतालच्या वाऱ्याची वाट सोडून जाते. त्यामुळे ते नेमके कुठल्या वस्तीवर येईल, हे फार आधी सांगणे कठीण असते.

महाराष्ट्राने २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भातली गारपीट सोसली आहे. म्हणून वादळ दुसरीकडे जाईल, या भरवशावर राहू नका. इशारा मिळताच पक्क्या छताखाली जा, खिडक्यांपासून दूर राहा, झाडाचा आसरा घेऊ नका आणि गाडी झाकायला बाहेर धावू नका. विम्याने गाडी दुरुस्त होते, जीव परत येत नाही.