घरच्या शुश्रूषेची मोजपट्टी

१९९५-९६ या एका वर्षात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये जन्मलेल्या ७६३ बाळांवर पहिले अठ्ठावीस दिवस बारीक लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ५४ टक्के बाळांना या ना त्या कारणाने वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोचली २.६ टक्के. दवाखान्यात भरती झाली ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार.

आईबाप निष्काळजी होते, असा अर्थ यातून काढणं अन्यायाचं होईल. रोवणीचे दिवस, नाल्यांना पूर, हातात रोकड नाही, आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शिवाय तान्हं बाळ आजारी पडतं तेव्हा त्याला सांगता येत नाही. ते फक्त दूध ओढायचं कमी करतं आणि मलूल पडतं. घरच्यांना हे कळेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून या जिल्ह्यात काम करते. बाळ दवाखान्यात येत नसेल तर उपचारांनीच बाळाच्या खाटेपाशी जायचं, असं त्यांनी ठरवलं. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. इथवरची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. पण घरात, डॉक्टरांच्या माघारी दिलेली सेवा सुरक्षित कशी ठेवायची, या प्रश्नाचं तिथे शोधलेलं उत्तर मला त्याहून मोलाचं वाटतं, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

या उत्तराची सुरुवात त्याआधीच्या निमोनियाच्या कामात झाली होती. निमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्यावरच्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त झाले की धोका. पण गावातल्या अनेक सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक साधं यंत्र तयार झालं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीत सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर निमोनिया. इथे सुइणीच्या अंदाजाला जागा नाही आणि तिच्या निरक्षरतेचा अडसरही नाही. दर्जाचा निकष कागदावर न राहता तिच्या बोटांत आला.

नवजात बाळांच्या बाबतीत जोखीम याहून मोठी होती, कारण जंतुदोष झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं होतं. दीड-दोन किलोचं बाळ, मातीचं घर, आणि सुई धरणारी बाई डॉक्टर नाही, नर्सही नाही. यावर शंका घेणाऱ्यांची शंका रास्तच होती. म्हणून कुंपणं घातली गेली. लक्षणांची यादी ठरलेली : रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, दूध ओढणं कमी होणं, अंग गार किंवा गरम लागणं, पोट फुगणं, बेंबीत पू होणं अशी. एकाच वेळी किमान दोन लक्षणं दिसली तरच जंतुदोष धरायचा. आधी दवाखान्यात न्यायचा सल्ला द्यायचा. घरच्यांनी नकार दिला आणि लेखी संमती दिली, तरच घरी उपचार. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पर्यवेक्षकाने दर पंधरा दिवसांनी गावात जाऊन आरोग्यदूताच्या नोंदी प्रत्यक्ष बाळाशी ताडून पाहायच्या.

जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ झाले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते ५८ वरून ६० झाले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ मध्ये भारत सरकारने हे काम देशभर गावोगावच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांकडे सोपवलं.

आज बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी यायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ असतं. इंजेक्शन मात्र नसतं. ते २०१४ च्या सूचनांनुसार ठरावीक परिस्थितीत एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेने, द्यायचं. देशभराचा विचार केला तर ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा एएनएम एका काठावर आणि बाळ दुसऱ्या काठावर असतं. माझ्या मते आशाच्या हाती सुई द्यावी की नाही, हा वाद दुय्यम आहे. दर पंधरा दिवसांनी येऊन तपासणारं माणूस असेल तर सुई सुरक्षित असते, आणि ते नसेल तर थर्मामीटरही कुचकामी, कारण त्याचा सेल संपल्याचं कुणाला कळतच नाही. आशांवर देखरेख ठेवणाऱ्या एका गटप्रवर्तकाकडे साधारण वीस आशा असतात. जिवतीच्या डोंगरातल्या पाड्यांवर किंवा एटापल्लीच्या जंगलात वीस आशांचं काम प्रत्यक्ष बाळ पाहून तपासायला किती दिवस आणि किती पेट्रोल लागेल, याचा हिशेब आधी व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. आशाला सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. २०११ च्या सूचनांनुसार ते पंचेचाळिसाव्या दिवशी मिळायचे आणि त्यासाठीच्या अटींमध्ये वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी यांच्यासोबत आणखी एक अट होती : बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप असावीत. ज्या आशाने सगळ्या भेटी नीट दिल्या, धोका ओळखला, धावपळ केली, तरीही बाळ गेलं, तिचं काम वाया गेलं असं ही अट म्हणते. मृत्यू नोंदवणाऱ्याचं नुकसान होणार असेल तर मृत्यू नोंदवले जात नाहीत. २००१ मधल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने हेच दाखवलं होतं की महाराष्ट्रात प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. गडचिरोलीच्या प्रयोगात मृत्यू मोजण्याचं काम उपचार करणाऱ्या बाईवर सोडलेलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी घरोघर वेगळी पाहणी व्हायची. मोबदला भेटींचा द्यावा आणि मृत्यूंची मोजणी दुसऱ्याने करावी, एवढी साधी वाटणी आहे ही.

जंगलातल्या तान्ह्या बाळांसाठी तयार झालेली ही शिस्त शहरी घरांनाही लागू पडते. चंद्रपूर-बल्लारपूरकडे खाणीत, वीज केंद्रात, कागद कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं आता थकली आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला. पक्षाघात झालेल्या वडिलांसाठी रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्यूरोतून मावशी किंवा दादा येतात, बारा तासांच्या पाळीवर. घरचे विचारतात ते पैसे किती आणि सुट्ट्या किती. खरं तर विचारायचं असतं ते निराळंच. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद कोण ठेवणार? लघवीची नळी हाताळायला त्या कुठे शिकल्या? ताप किती आला की डॉक्टरांना फोन करायचा, हे लिहून खाटेशी लावलं आहे का? पाठीवर लाल चट्टा दिसला तर तो लपवावा असं मावशींना वाटू नये, यासाठी आपण त्यांच्याशी कसं बोलतो? आणि ब्यूरोचं कुणी जाणतं माणूस महिन्यातून निदान दोनदा घरी येऊन रुग्णाची पाठ स्वतः पाहणार आहे की नाही, हे पहिला पगार ठरवण्याआधी विचारून घ्यावं.