मज्जाविज्ञानातील पीएच.डी. आणि वैद्य

सर्पगंधा आणि कपिकच्छू ही द्रव्ये आपणां सर्वांच्या नित्य परिचयाची आहेत. आधुनिक मज्जाविज्ञानातील एका निर्णायक प्रयोगाशी या दोहोंचा संबंध आहे, ही गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात आलेली नसावी.

कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लिहिले. १९३७ मध्ये मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी कपिकच्छूच्या बीजांतून एल-डोपा वेगळे केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेच्या मुळांतून रेसर्पिन मिळविण्यात आले. पुढे १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते निश्चल झाले. डोपा दिल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवाताच्या आधुनिक चिकित्सेचा पाया येथे घातला गेला आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल पुरस्कार लाभला.

द्रव्ये आपल्या परिचयाची, परंतु तो प्रश्न विचारला अन्य कोणी. आमच्या मते याचे कारण बुद्धीची उणीव नसून शिक्षणाची दिशा हे आहे. आपले शिक्षण रुग्णाला बरे करण्यास शिकविते; पीएच.डी.चे शिक्षण एकच प्रश्न निवडून, त्याचे उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध आले तरी ते मान्य करण्यास शिकविते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००९ पासून मज्जाविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयसर येथेही हे संशोधन चालते. पात्रतेच्या अटी संस्थेगणिक भिन्न असल्याने बी.ए.एम.एस. पदवीधरांनी त्या प्रथम बारकाईने पाहाव्यात. आरंभी अभ्यासक्रम व परीक्षा, तदनंतर अनेक वर्षे प्रयोगशाळेतील काम आणि अखेरीस प्रबंध, असा हा मार्ग आहे. संख्याशास्त्र व संगणकीय विश्लेषण नव्याने शिकावे लागते. शिष्यवृत्ती मिळाली तरी तेवढी वर्षे चिकित्सालयापासून दूर राहावे लागते. घरच्यांशी याचा विचार करूनच पाऊल उचलावे.

प्रश्नांची वाण नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात कंपवाताच्या आठ रुग्णांना कपिकच्छू बीजचूर्ण ३० ग्रॅम दिले असता, नेहमीच्या लेव्होडोपा-कार्बिडोपापेक्षा गुण लवकर आला व अधिक काळ टिकला. रुग्णसंख्या अल्प आहे, म्हणूनच पुढील काम आवश्यक ठरते. गोदुग्धात स्वेदन करून टरफल काढलेल्या बीजांत एल-डोपा किती उरतो? अन्य घटक त्याच्या कार्यास साहाय्य करतात काय? शोधनाचा हेतू जाणणारा वैद्यच हे प्रश्न नेमकेपणाने मांडू शकेल.

औषधनिर्मात्या बंधूंचाही यात वाटा आहे. संशोधक प्रथम विचारतो तो द्रव्याचा पत्ता: बीज कोठले, कोणत्या हंगामातले, त्यातील एल-डोपाचे प्रमाण किती. प्रत्येक खेपेची अशी नोंद व नमुना जपून ठेवला, तर उद्याच्या प्रबंधाला विश्वासार्ह सामग्री मिळेल.

प्रत्येक वैद्याने संशोधक व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांतून एखादा जिज्ञासू पदवीधर या वाटेने निघाला, तर ज्येष्ठांनी त्याला ‘प्रॅक्टिस सोडून हे काय?’ असे न विचारता पाठबळ द्यावे. सर्पगंधेविषयीचा पुढचा प्रश्न आपल्यातूनच विचारला जावा, एवढीच अपेक्षा.